गाडीखालचा पावसाळा

डांबरी रस्ता सोडल्यापासून आमच्या काजूच्या बागेतल्या घरापर्यंत दीड किलोमीटरचे अंतर आहे, आणि जून ते ऑक्टोबर या काळात त्या अंतराला आम्ही रस्ता म्हणतो ते केवळ सवयीने. चंदगड तालुक्याच्या पश्चिमेला, तिलारीच्या घाटमाथ्याकडे, पाऊस पडत नाही. तो लागतो, आणि एकदा लागला की भाताची लावण उरकून नाचणी वर आली तरी लागलेलाच असतो. खत, पेंड, गॅसचे सिलिंडर, आजारी माणूस आणि कधीकधी लग्नाचे वऱ्हाड हे सगळे याच वाटेने आत यायचे असते, म्हणून २०२१ च्या उन्हाळ्यात मी एक जुना पिकअप घेतला. ती २००९ सालची, दोन रांगांच्या केबिनची बोलेरो कॅम्पर होती आणि तिला फोर व्हील ड्राइव्ह होते. निदान कागदावर तरी होते.

तो ‘कागदावर’ शब्द मला पहिल्याच पावसात कळला. वाटेच्या मध्यावर, जिथे वरच्या कातळाचे पाणी रस्त्यावर उतरते, तिथे मागची दोन्ही चाके जागेवर फिरू लागली. मी मोठ्या ऐटीत फोर व्हीलचा दुसरा लिव्हर ओढला, तो पाहिजे त्या खाचेत जाऊन बसला, डॅशबोर्डवरचा दिवाही लागला, आणि गाडी होती तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजच्या मिस्त्रींनी गाडीखाली डोके घातले आणि तिथूनच विचारले, ‘‘मालक, पुढचा शाफ्ट कुठं हाय?’’ गिअरबॉक्सकडून पुढच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट गाडीला नव्हताच. आधीचा मालक रस्त्याची कामे करणारा कंत्राटदार होता. डांबरीवर फिरताना पुढचा शाफ्ट उगाच फिरत राहतो आणि डिझेल खातो या हिशेबाने त्याने तो कधीतरी काढून ठेवला होता, आणि विकताना गाडीबरोबर द्यायचे त्याला आठवले नसावे. इंजिनाचा आवाज, रंग, कागदपत्रे, विमा हे सगळे मी तपासले होते. खाली वाकून पाहिले नव्हते.

त्या दिवसापासून या गाडीबद्दलचे माझे सगळे शिक्षण तिच्या पोटाखाली झाले.

खर्चासाठी मी पंचाहत्तर हजार रुपये बाजूला काढले होते आणि त्यांतून काय काय करायचे याची यादी मनात तयार होती. यादीत पहिला होता लिफ्ट किट, म्हणजे गाडीची उंची वाढवण्याचा संच. मग पुढे लोखंडी गार्ड, छतावर दिव्यांची ओळ, इंजिनाला हवा घेण्यासाठी वरपर्यंत नेलेली सोंड आणि शेवटी विजेवर चालणारी विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोर गुंडाळत ओढून काढणारे यंत्र. मोबाइलवरच्या चित्रफितींत चिखलातून उसळत जाणाऱ्या गाड्या दिसतात, त्यांच्यावर हे सगळे असते. मिस्त्रींनी यादी ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘‘गाडी वर उचलून काय हुतंय? चिखुल खालीच असतोय की.’’

त्यांचे म्हणणे मला तेव्हा अडाणीपणाचे वाटले होते. नंतर मापे घेतली तेव्हा ते अक्षरशः खरे निघाले. मागच्या धुरीच्या मधोमध डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा, जो गोळा असतो तो गाडीचा सर्वांत खालचा भाग. लिफ्ट किटने चेसिस आणि बॉडी धुरीपासून वर जाते, पण धुरी स्वतः चाकांवरच टेकलेली असल्यामुळे ती आणि तिचा गोळा तसूभरही वर जात नाही. म्हणजे चाकोरी खोल झाली की मधल्या वरंब्यावर गोळा पूर्वीइतकाच घासणार, फक्त आपण थोडे उंचावरून ते अनुभवणार. शिवाय गाडीचा तोल वर सरकल्याने आमच्यासारख्या कललेल्या वाटेवर ती उलटण्याची शक्यता तेवढी वाढणार. गोळा वर न्यायचा असेल तर एकच उपाय, मोठ्या व्यासाचे चाक.

कायद्याची बाजूही होतीच. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंगला न्यावी लागते, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. पुढच्या लोखंडी गार्डांवर कारवाई करावी असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल चालणार नाहीत, असा निकाल दिला. तेव्हा निम्मी यादी कायद्याने खोडली आणि उरलेली मिस्त्रींनी. विंच तेवढी माझ्या मनातून जायला वेळ लागला.

शाफ्ट बेळगावात मिळाला. चंदगडच्या माणसाला कोल्हापूर जिल्ह्याचे ठिकाण म्हणून ठाऊक असते, पण बाजार, दवाखाना आणि जुने सुटे भाग यांसाठी त्याचे पाय बेळगावकडेच वळतात. भंगारात काढलेल्या गाड्यांच्या एका गोदामात मराठी, कानडी आणि हिंदी या तिन्ही भाषांत घासाघीस करून पाच हजारांत शाफ्ट ठरला. त्याचे दोन्ही क्रॉस मात्र नवे घातले, कारण शाफ्टच्या टोकांना असलेले हे सांधे झिजले की चिखलात जोर लावताना तेच आधी तुटतात. मग मिस्त्रींनी दोन्ही धुऱ्यांचे ऑइल काढायला घेतले. मागच्या गोळ्याचा बूच उघडला तेव्हा खाली धरलेल्या डब्यात ऑइल पडलेच नाही. दूध घातलेल्या कॉफीसारखे काहीतरी पडले.

ऑइलमध्ये पाणी कसे गेले, हे मला या सगळ्या खटाटोपातले सर्वांत सुंदर कोडे वाटते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. गाडी चालली की धुरीच्या आतले ऑइल आणि हवा तापते. तापलेली हवा फुगते. तिला बाहेर पडता यावे म्हणून धुरीवर एक बारीकसा श्वासमार्ग ठेवलेला असतो, ज्याला मिस्त्री ब्रीदर म्हणतात. गरम झालेली धुरी एकदम ओढ्याच्या थंड पाण्यात शिरली की आतली हवा आकसते आणि धुरी श्वास आत घेते. त्या वेळी श्वासमार्ग पाण्याखाली असेल तर ती पाणीच ओढून घेते, आणि श्वासमार्ग चिखलाने बुजलेला असेल तर चाकाकडच्या ऑइल सीलच्या फटीतून ओढते. मालक मात्र ओढा सुखरूप पार झाला म्हणून खुशीत असतो. गंज, बेअरिंगचा घोंघाट आणि शेवटी क्राऊन-पिनियनचा, म्हणजे गोळ्यातल्या मुख्य गिअरांचा, चुरा हे सगळे पुढे सावकाश, सहासहा महिन्यांच्या अंतराने येते, आणि तेव्हा त्या ओढ्याची आठवणही कुणाला नसते.

उपाय साडेतीनशे रुपयांचा होता. डिझेलला वापरतात तशी रबरी नळी घेतली, ती दोन्ही धुऱ्यांच्या श्वासमार्गांना जोडली, चेसिसच्या कडेने वर नेली आणि तिची टोके बॉनेटखाली, बॅटरीपेक्षा उंच जागी, खाली तोंड करून बांधली. आता धुरी कितीही पाण्यात गेली तरी तिचे नाक बॉनेटखाली असते. पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही. पंचाहत्तर हजारांतले सर्वांत शहाणपणाचे पैसे कोणते, असे कुणी विचारले तर मी हे साडेतीनशेच सांगतो आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. हवा घेणारी सोंड मात्र मी टाळली. इंजिनाच्या सिलिंडरात पाणी गेले तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, हे खरे आहे. पण ज्या ओढ्यात पाणी बॉनेटपर्यंत चढले आहे त्या ओढ्यात उतरण्याचे मला काही कारण नाही.

सर्वांत मोठा खर्च टायरांचा झाला. कंत्राटदाराने काटकसरीने २१५/७५ आर १५ मापाचे, जवळजवळ गुळगुळीत झालेले टायर चढवले होते. हँडबुकात मंजूर असलेले २३५/७५ आर १५ हे माप मी घेतले. गणित करून पाहिले तर पहिल्या टायरचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर भरतो आणि दुसऱ्याचा ७३३. म्हणजे धुरी, आणि तिच्याबरोबर तो गोळा, १५ मिलिमीटर वर गेला. बोटभर उंची म्हणजे काहीच नव्हे असे वाटेल, पण पूर्वी ज्या वरंब्यावर घासल्याचा आवाज येत असे त्याच वरंब्यावर आता तो येत नाही.

नक्षी कोणती घ्यावी यावर मात्र मी दोन आठवडे घातले. आमच्याकडे दोन चिखल आहेत आणि ते एकमेकांचे ऐकत नाहीत. घराकडच्या वाटेवर जांभ्याची तांबडी माती आहे. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश सर्वेक्षकाने १८००-०१ च्या प्रवासात मलबारात हाच दगड विटांसारखा कापून घरे बांधताना पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिले. आम्ही त्याला जांभा म्हणतो आणि त्याच्या चिऱ्यांची घरे बांधतो. या मातीचा चिखल वरून साबणासारखा निसरडा असतो, पण चार-सहा बोटे खाली गेले की टणक लागते. तिथे टायरने वरचा थर कापून तळ गाठायचा असतो. फार रुंद टायर त्या साबणावर नुसता तरंगतो. भाताच्या खाचरातही थोडेसे असेच असते, कारण वर्षानुवर्षांच्या चिखलणीने तळाशी एक कडक थर बसलेला असतो. नाहीतर ट्रॅक्टर तिथे चाललेच नसते. पूर्वेकडे घटप्रभेच्या काठाने उतरत गेले की काळी माती सुरू होते आणि हे सगळे उलटे होते. ती चिकणमाती पाणी पिऊन फुगते, तिला सांगण्यासारखा तळ नसतो, आणि ती निसरडी असण्यापेक्षा चिकट असते. ती टायरच्या खाचांत भरते, चाकाबरोबर वर येते, मडगार्डमध्ये ठासून बसते आणि काही ठिकाणी चाकाचे फिरणेच थांबवते. तिथे कापत खाली जाणे म्हणजे आपलीच कबर खणणे. तिथे वर तरंगावे लागते.

दोन्ही चिखलांना एकच टायर पुरा पडत नाही. केवळ चिखलासाठी असलेला, मोठमोठ्या गुट्ट्यांचा टायर काळ्या मातीत बरा, कारण त्याच्या रुंद खाचा फिरताफिरता माती झटकून टाकतात. पण ओल्या डांबरावर त्याची पकड कमी, आवाज जास्त, आणि माझ्या गाडीचे निम्म्याहून अधिक आयुष्य बेळगावच्या डांबरीवर जाते. म्हणून मी मधल्या जातीचा, ऑल टेरेन टायर घेतला आणि उरलेले काम हवेवर सोपवले. चार नवे टायर चौतीस हजारांना पडले, आणि पाचवा, स्टेपनीसाठी, त्याच मापाचा वापरलेला घेतला. फोर व्हील ड्राइव्ह लावलेले असताना एक चाक वेगळ्या व्यासाचे असले तर आतल्या गिअरांवर त्याचा ताण येतो, म्हणून इथे कंजुषी चालत नाही.

हवेचा हिशेब सोपा आहे. एका चाकावर चारशे किलो भार आहे आणि टायरात २८ पौंड हवा आहे असे धरले, तर जमिनीला टेकलेला भाग साधारण २०० चौरस सेंटीमीटर येतो. हवा १८ पौंडांवर आणली की तोच भाग ३१५ च्या आसपास जातो. टायरच्या भिंतीला स्वतःचा कडकपणा असतो, त्यामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो. पण कुठलाही भाग न बदलता टायरचे पाऊल जवळजवळ दीडपट करून देणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही, आणि ही फुकट आहे. खर्च आहे तो परत हवा भरण्याचा: १८ पौंडांवर डांबरीवर वेगाने गेले तर टायरची भिंत तापून फाटते, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि एक खात्रीचा मापक जवळ लागतो. दोन्ही मिळून तीन हजारांत आले. लोक हवा सोडायला का कचरतात, हे मला अजून कळलेले नाही. बहुधा भरलेले टायर म्हणजे तब्येत चांगली, असा आपला समज असावा.

मागच्या पाट्यांच्या, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या, बाबतीत तर पैसे काढून घेण्यासाठीच दिले. कंत्राटदाराने जास्त खडी वाहता यावी म्हणून दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातला होता. त्यामुळे गाडी मागून उंच आणि रुबाबदार दिसे, पण रिकामी असताना खडबडीत वाटेवर एक चाक खड्ड्यात उतरायचे आणि दुसरे हवेतच राहायचे. जादा पाटे काढून, बुश नवे घालून गाडी पुन्हा मऊ केली. तरीही रिकाम्या पिकअपचे मागचे अंग हलकेच असते. हौद्यात काहीतरी वजन हवे. घरी चिरे पडले होते, एकेक तीसेक किलोचा, म्हणून मी पाच चिरे टाकले. पहिल्याच चढावर ते पाचही मागे घरंगळले आणि फाळक्याला असा पोचा आला की तो आजही आहे. आता मागच्या धुरीच्या बरोबर वर वाळूची चार पोती असतात आणि ती दोरखंडाने बांधलेली असतात. अडकलो तर त्यांतले एखादे चाकाखाली ओतताही येते.

हे सगळे झाल्यावर गाडी फार बदलली, आणि तरीही ती अडकते. फोर व्हील ड्राइव्ह या शब्दाने आपण फसतो. साध्या डिफरन्शियलची खोड अशी की ज्या चाकाला विरोध कमी, ते फिरते. म्हणजे पुढचे एक आणि मागचे एक चाक साबणावर असले की तीच दोन फिरत राहतात आणि टणक जमिनीवरची दोन स्वस्थ बसतात. ट्रॅक्टरला यासाठी पायाशी डिफरन्शियल लॉक असतो. माझ्या गाडीला तो बसवायचा तर उरलेले सगळे पैसे जाऊनही पुरले नसते. त्याऐवजी मिस्त्रींनी एक जुनी युक्ती शिकवली: लो गिअरमध्ये, हलक्या रेसवर, ब्रेक अगदी हळू दाबून धरायचा, फिरणाऱ्या चाकाला थोडा विरोध मिळतो आणि थोडी ताकद स्वस्थ बसलेल्या चाकाकडे सरकते. दहापैकी चार-पाच वेळा हे जमते. लो गिअरमध्ये वेग जवळजवळ अडीचपट कमी आणि ओढ तितकीच जास्त मिळते, त्यामुळे घाई करायची इच्छाही आपोआप मरते.

उरलेल्या वेळांसाठी ओढून काढण्याची व्यवस्था लागते, आणि विंचचे भूत इथे उतरले. ऑगस्टमध्ये घटप्रभेकाठी एका मळ्यातून चाऱ्याचे वाढे आणायला गेलो असताना काळ्या मातीत गाडी धुरीपर्यंत बसली. तळच नव्हता, तेव्हा ब्रेकची युक्ती चालली नाही. चाकांपुढची माती फावड्याने काढली, हवा १५ पौंडांवर आणली, शेजारच्या फडातले पाचट आणून चारही चाकांखाली कोंबले, आणि तरी गाडी हातभरच पुढे आली. मग ट्रॅक्टर आला, आणि ट्रॅक्टरवाल्याने तारेचा दोर काढून थेट माझ्या बंपरला बांधायला घेतला.

मी त्याला थांबवले, कारण याच कामावर मी सात हजार खर्च केले होते. चेसिसला पुढे आणि मागे जाड पत्र्याचे हुक मोठ्या बोल्टांनी बसवून घेतले होते, आणि एक रुंद पट्टा व तो अडकवायला दोन डी शॅकल, म्हणजे लोखंडी कड्या, आणले होते. बंपर पातळ पत्र्यावर टांगलेला असतो. तो उपटला की दोराच्या टोकाला बांधलेला गोफणगुंडा होतो. ताणलेला तारेचा दोर तुटला तर तो कुठे जाईल हे कुणी सांगू शकत नाही, आणि ओढताना दोराजवळ मुले गोळा होतात ती वेगळीच. सगळ्यांना दोराच्या दुप्पट अंतरावर पाठवले, पट्ट्यावर मधोमध ओले पोते टाकले, म्हणजे तुटलाच तर त्याचा फटका जमिनीकडे जावा, आणि ट्रॅक्टरने तीन मिनिटांत गाडी बाहेर काढली. ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेतले नाहीत. एवढी तयारी पाहून त्याची करमणूक झाली होती. ज्या मुलखात प्रत्येक वाडीत एक ट्रॅक्टर आहे तिथे विंच म्हणजे काय, हे तेव्हा लक्षात आले: शेजाऱ्याला हाक मारायचा संकोच वाटणाऱ्यासाठी केलेले महागडे यंत्र.

नंतरची धुलाई हा कंटाळवाणा भाग आहे, पण तांबडा चिखल ब्रेकच्या ड्रममध्ये, हँडब्रेकच्या वायरीवर आणि रेडिएटरच्या जाळीत वाळला की सिमेंटसारखा बसतो. साध्या नळाने, वेळ देऊन धुवावे. प्रेशरचा फवारा सीलवर मारला तर तोच पाणी आत ढकलतो. क्रॉसना दर महिन्याला ग्रीस. एवढेच.

दिवाळीच्या सुमारास हिशेब केला तेव्हा अकरा हजार आणि काही रुपये उरले होते. छतावरचे दिवे त्यांत आले असते, असा विचार मनात येऊन गेला हे कबूल करतो. पण त्याच आठवड्यात मिस्त्री पहिल्यांदाच घरी जेवायला आले. मध्यावरच्या त्या जागेशी, जिथे पहिल्या पावसात मी अडकलो होतो, त्यांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून वरच्या कातळाकडे पाहिले आणि विचारले, ‘‘ह्ये पाणी बाजूनं का काढत न्हाईसा?’’

एप्रिलमध्ये दोन माणसे लावून वरच्या अंगाने चाळीस फूट चर खणली, वाटेखालून सिमेंटचा एक पाइप टाकला आणि वर मुरुमाची एक खेप पसरली. अकरा हजारांत हे सगळे बसले आणि मजुरांच्या चहाला पदरचे दोनशे गेले. पुढच्या जुलैत त्या ठिकाणाहून शेजारची मुलगी कॉलेजला जाताना स्कूटी घेऊन गेली, पाय न टेकता. मी मागून पिकअप घेऊन येत होतो, फोर व्हील लावून, १८ पौंड हवेवर, हौद्यात वाळूची चार पोती बांधून.